माळवा-निमाडचा कापूस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला बसून कापसाच्या बाजारावर लिहिताना काही प्रश्न फिरून फिरून येतात. निमाडातले शेतकरी विचारतात, जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करणारे) विचारतात, प्रबंध लिहिणारी मुलं विचारतात, आणि घरातलं कुणी गिरणीत होतं अशी इथली मराठी मंडळी तर हमखास विचारतात. बहुतेकांना एकच जाणून घ्यायचं असतं: आपल्या भागातला कापूस वाढतोय की आटतोय? एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सगळे प्रश्न एकत्र केले आहेत. तेच दोनदा लिहू नये म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. इंदूरच्या चारी बाजूंना सोयाबीनच दिसतं. मग इथे कापूस येतो कुठून?

घाट उतरल्यावर, म्हणजे विंध्याच्या वरचं माळव्याचं पठार सोडून खाली निमाडात आल्यावर. आग्रा-मुंबई रस्त्यानं मानपूर ओलांडून गणपती घाट उतरलात आणि धामनोद आलं, की कपाशी सुरू होते. खंडव्याच्या रस्त्यानं गेलात तर भेरू घाटानंतर बडवाह-सनावदच्या पुढे तीच. खरगोन, बडवानी, खंडवा, बऱ्हाणपूर हे निमाडचे चार जिल्हे आणि धार जिल्ह्याचा मनावर-कुक्षी-धरमपुरीकडचा खालचा पट्टा, मध्य प्रदेशच्या कापसाचा कणा हाच. त्याखेरीज झाबुआ, अलीराजपूर, रतलाम, देवास इथे थोडाथोडा आणि पार दुसऱ्या टोकाला विदर्भाला लागून असलेल्या सौंसर-पांढुर्ण्याकडे बऱ्यापैकी. इंदूर आज कापूस पिकवत नाही. इथे सौदे होतात आणि मालाला पैसा लागतो तो इथून जातो.

2. पण इंदूर तर कापसावरच उभं राहिलं म्हणतात. माळव्यातला कापूस गेला कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो.

एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या काळ्या जमिनीत दोन नगदी पिकं होती, अफू आणि कापूस. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेना, तेव्हा मुंबईत रुईचे भाव भडकले आणि त्याची झळाळी माळव्यापर्यंत आली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्याच सुमारास इंदुरात सरकारी गिरणी उभारायला घेतली. 1870 मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेमार्गासाठी त्यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुंबईचा मुख्य मार्ग खंडव्यावरून जात होता, त्याला इंदूर जोडलं गेलं आणि इथली रुई बैलगाडीवरून आगगाडीत आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याणमल मिल, राजकुमार मिल अशी रांगच लागली. सर सेठ हुकुमचंदांचं नाव कापसाच्या सट्ट्यात देशभर घेतलं जायचं.

तो कापूस देशी होता. आखूड धाग्याचा, जाडसर, पण काटक. पावसाच्या भरवशावर यायचा, खत कमी मागायचा. पुढे तीन गोष्टी झाल्या. गिरण्यांना बारीक सुतासाठी लांब धागा हवा झाला आणि माळवी कापसाला उठाव कमी होत गेला. दुसरं म्हणजे 1970 नंतर सोयाबीन आलं. कपाशी शेत जूनपासून जानेवारीपर्यंत अडवून ठेवते, सोयाबीन शंभरेक दिवसांत मोकळं करतं. तिसरी गोष्ट विहिरी आणि ट्यूबवेलची. पाणी हाताशी आल्यावर सोयाबीन काढून त्याच शेतात गहू किंवा हरभरा घेता येतो. एका पिकाच्या जागी दोन पिकं मिळत असतील तर शेतकरी दुसरं काय करणार?

तेव्हा माळव्यातला कापूस रोगानं मेला नाही की सरकारनं बंद केला नाही. हिशेबात हरला. निमाडात उष्णता जास्त, जमीन ठिकठिकाणी हलकी आणि निचऱ्याची, हंगाम लांब, म्हणून तिथे कापूस टिकला आणि संकरित वाण आल्यावर वाढलाही. आपल्या भागाचा कल समजून घ्यायचा तर ही गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते: गेल्या पन्नास वर्षांत इथला कापूस विंध्याच्या वरून खाली सरकला. नुसती राज्याची बेरीज पाहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

3. मग गिरण्या कापूस मिळेना म्हणून बंद पडल्या का?

नाही. गिरणी कापूस रेल्वेनं कुठूनही मागवू शकते, आणि मागवतही होत्या. जुनी यंत्रं, वाढलेली कर्जं, यंत्रमागाची स्पर्धा आणि नव्यानं पैसा न घालणारी व्यवस्थापनं यांनी त्या बसल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद झाली, आणि कामगारांच्या देण्यांचा सुमारे 224 कोटींचा धनादेश डिसेंबर 2023 मध्ये निघाला. बत्तीस वर्षं. वाट पाहता पाहता कितीतरी कामगार गेले. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) आजही त्याच गिरण्यांच्या नावानं निघतात. पण कच्च्या मालाच्या पुरवठ्याशी गिरण्या बंद पडण्याचा संबंध जोडणं चूक आहे. 1991 नंतर निमाडचा कापूस कमी झाला नाही, उलट वाढला.

4. कपाशी, रुई, सरकी, गाठ, खंडी यांचा हिशेब कसा लावायचा?

शेतातून निघतो तो बियांसकट कापूस, मंडीत त्याला कपास म्हणतात. जिनात त्याची रुई आणि सरकी वेगळी होते. एका क्विंटलमधून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, यालाच उतारा म्हणतात. थोडी घट-कचरा जाऊन उरते ती सरकी, तिचं तेल आणि पेंड होते. एक गाठ 170 किलो रुईची, म्हणजे सुमारे पाच क्विंटल कपास. बाजारात रुईचा भाव खंडीवर बोलतात. खंडी 356 किलोंची, दोन गाठींहून किंचित जास्त. समजा खंडी 54,000 रुपये असेल तर रुई किलोला साधारण 152 रुपये पडली.

उतारा एक टक्क्यानं इकडेतिकडे झाला की जिनवाल्याचा नफा पुसला जातो. म्हणून पावसात भिजलेल्या मालाला तो हात लावायला तयार नसतो.

5. सगळ्या देशाचा लांबचा कल कसा आहे?

1950-51 मध्ये हेक्टरी उत्पादकता 88 किलो रुई होती. 2001-02 मध्ये ती 308 किलो आणि एकूण उत्पादन 158 लाख गाठी. 2007-08 मध्ये उत्पादन 307 लाख गाठींवर गेलं, सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. 2013-14 मध्ये 398 लाख गाठी झाल्या. त्यानंतर हा आकडा पुन्हा गाठता आलेला नाही. 2024-25 मध्ये 300 लाख गाठींच्या आतच राहिलो, उत्पादकता साडेचारशे किलोंच्या खाली उतरली, आणि पेराही आदल्या वर्षीपेक्षा दहा-बारा लाख हेक्टरांनी घटला.

म्हणजे पन्नास वर्षं संथ चढ, दहा-बारा वर्षं जोरदार उसळी, आणि त्यानंतर दशकभर थांबा आणि उतार. लोक उसळीचा काळ हाच नेहमीचा वेग मानून पुढचे अंदाज बांधतात आणि फसतात.

6. आणि मध्य प्रदेशचा?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत पेरा साधारण पाच ते साडेसहा लाख हेक्टरांत वर-खाली होतो आणि उत्पादन 15 ते 20 लाख गाठींच्या दरम्यान राहतं. देशाच्या पाच-सहा टक्के. उसळी इथेही आली, पण गुजरातसारखी नाही, आणि उतारही त्या मानानं सौम्य आहे. कारण पाणी. निमाडातला बराच कापूस ओलिताचा आहे, ठिबकवर आहे. झाबुआ-अलीराजपूरच्या उतारावरचा कोरडवाहू कापूस वेगळाच. तिथल्या शेतकऱ्याचं एकरी उत्पन्न खरगोनच्या ठिबकवाल्याच्या शेजारी ठेवून सरासरी काढली तर ती दोघांनाही लागू पडत नाही. ‘राज्याची सरासरी इतकी, मग माझ्या शेतात का नाही’ असं कोणी विचारलं की मी आधी गाव विचारतो.

7. बीटीमुळेच उत्पादन वाढलं ना?

बीटीमुळेही वाढलं. बीटी म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेली कपाशी. मार्च 2002 मध्ये बीटी संकरित वाणांना परवानगी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-2 आलं. हिरव्या बोंडअळीचा त्रास एकदम कमी झाला, तो फायदा खरा होता आणि निमाडातल्या शेतकऱ्यानं तो डोळ्यांनी पाहिला. आधी फवारणीवर फवारणी करूनही बोंडं पोखरलेली निघायची.

पण त्याच वर्षांत आणखीही बरंच काही घडलं. संकरित बियाणं जवळजवळ सगळीकडे पोचलं. संकरित कापूस बीटीच्या आधीचा आहे, 1970 मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून आलेला एच-4 हा जगातला पहिला व्यापारी संकर. रसशोषक किडींवरची नवी औषधं आली, बियाण्याला औषध चोळून मिळू लागलं. गुजरातेत बंधारे झाले, निमाडात ठिबक पसरलं. भावही बरे होते म्हणून खतं पडली. यातलं एकच कारण उचलून सगळं श्रेय किंवा सगळा दोष त्याच्या माथी मारणाऱ्यांशी माझं जुळत नाही.

8. गुलाबी बोंडअळी परत कशी आली? बीटी असूनही?

ती बीटीला सरावली. गुजरातेत आधी एका जनुकाविरुद्ध, मग 2014-15 च्या सुमारास दोन्ही जनुकांविरुद्ध टिकणारी अळी सापडली. 2017 मध्ये महाराष्ट्रात हाहाकार झाला. निमाड दोघांच्या मधोमध आहे, सुटणार कसा?

ओळखायची कशी हे बरेच जण विचारतात. सकाळी शेतात फिरा. फुलाच्या पाकळ्या उमलायच्या ऐवजी गुंडाळून, गुलाबाच्या कळीसारख्या घट्ट बांधल्यागत दिसल्या तर ती डोमकळी. पाकळ्या सोडवा, आत अळी असते. बोंडात शिरली की बाहेरून काहीच कळत नाही, शिरल्याचं छिद्र बुजून जातं. बोंड फोडलं की आत एक पाकळी पिवळी-काळपट, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि मध्ये गुलाबी पट्ट्यांची अळी. असा कापूस वेचला की त्याची कवडी होते, भाव पडतो, उतारा पडतो.

वाढण्याची कारणं आपल्याच कामाच्या पद्धतीत आहेत. कापसाच्या कडेनं बिगर-बीटीच्या ओळी लावायच्या होत्या, म्हणजे न सरावलेली अळीही जिवंत राहून सरावलेल्यांत मिसळेल. त्या पाकिटातलं बियाणं बहुतेकांनी बांधावर टाकून दिलं. फरदड घेतलं, म्हणजे डिसेंबरनंतरही पाणी देऊन उभं पीक लांबवलं, आणि अळीला खायला मिळत राहिलं. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) घरामागे रचून ठेवल्या, त्यातल्या किडक्या बोंडांत ती सुप्त राहिली. निमाडात याच्या भरीला एक खास अडचण आहे. इथे पाणी असलेले शेतकरी मे महिन्यातच कपाशी लावतात, त्यामुळे लवकर वेचणी होते आणि रबीला शेत मोकळं मिळतं. पण लवकर लावलेल्या कपाशीला लवकर पाती-फुलं येतात आणि सुप्तावस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्या पतंगांना ती आयती सापडतात. जी गोष्ट निमाडची ताकद, तीच अळीची सोय.

करायचं ते हेच: डिसेंबरअखेर शेत रिकामं, पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीत, हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे), आणि सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की मगच फवारणी. गावानं मिळून केलं तरच उपयोग. एकट्यानं केलं तर शेजारच्या शेतातून पतंग येतातच.

9. यंदा आवक कमी झाली. म्हणजे पीक घटलं का?

आवक आणि उत्पादन एक नव्हे. 2022 च्या मे महिन्यात रुईची खंडी एक लाखावर गेली. पुढच्या हंगामात भाव उतरल्यावरही शेतकऱ्यानं माल घरात दाबून ठेवला, तोच भाव पुन्हा येईल म्हणून. नोव्हेंबर-डिसेंबरात मंड्या ओस, आणि उन्हाळ्यात भरभरून कापूस. डिसेंबरची आवक पाहून ज्यांनी ‘पीक बुडालं’ म्हटलं ते उन्हाळ्यात गप्प बसले.

दुसरी गोष्ट सीमेची. निमाडचा कापूस महाराष्ट्रात आणि गुजरातेत जातो, तिकडचा इकडेही येतो. माल जिथे विकला गेला तिथल्या मंडीत नोंद होते, पिकला कुठे हे मंडीचा कागद सांगत नाही. एखाद्या मंडीची दहा वर्षांची आवक घसरत असेल तर आधी तिथला मंडी शुल्काचा दर आणि शेजारच्या राज्याचा दर पाहा. कल बघायचा तर निदान पाच वर्षांची सरासरी घ्या, आणि आवक नव्हे, पेरा आणि हेक्टरी उत्पादन वेगवेगळं पाहा.

10. सेंधव्याचे इतके जिन होते, ते का कमी झाले?

सेंधवा ही सीमेवरची मोठी कापूस मंडी. मध्य प्रदेशात मंडी शुल्क जास्त, पलीकडे कमी, असा फरक बराच काळ राहिला. रुईच्या धंद्यात नफा टक्क्या-दोन टक्क्यांचा असतो, त्यामुळे काही जिनवाल्यांनी यंत्रं उचलून महाराष्ट्रात नेली. शेतकऱ्याचा कापूस त्यांच्या मागोमाग गेला. बाकी प्रश्न 9 मध्ये आलंच आहे.

11. हमीभाव वाढतोय, मग पेरा का वाढत नाही?

2018-19 मध्ये मध्यम धाग्याला 5,150 आणि लांब धाग्याला 5,450 रुपये क्विंटल होते. 2025-26 साठी 7,710 आणि 8,110. वाढ दिसते, पण शेतकरी कपाशीची तुलना मागच्या हमीभावाशी करत नाही, मक्याशी करतो. मक्याला इथेनॉलमुळे मागणी आहे, मका शंभर-सव्वाशे दिवसांत निघतो आणि यंत्रानं काढता येतो. कापूस हातानंच वेचावा लागतो, एकाच झाडावरून तीन-चार वेळा. वेचणीला माणूस मिळत नाही. बडवानी-अलीराजपूरकडची जी कुटुंबं पूर्वी इथे वेचणीला यायची त्यांतली कितीतरी आता मजुरीला गुजरातेत जातात. पेरा कमी होण्याचं मला सर्वात खरं वाटणारं कारण हेच आहे, आणि त्याची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते.

भारतीय कापूस निगम हमीभावानं घेतं, पण ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, 12 टक्क्यांपर्यंत कपात, त्यापुढे माल परत. 2025-26 पासून ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणीही सक्तीची झाली. ऑक्टोबरात परतीचा पाऊस झाला की पहिल्या वेचणीचा माल 12 च्या आत बसणं अवघड, मग तो व्यापाऱ्याला कमी भावात जातो.

12. बाहेरचा कापूस आला तर आपला भाव पडतो का?

फेब्रुवारी 2021 मध्ये आयातीवर शुल्क लागलं, सगळं मिळून 11 टक्के. 2022 मध्ये भाव भडकल्यावर काही महिने माफ केलं. 2025 मध्ये 19 ऑगस्टपासून पुन्हा माफ केलं आणि मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका नवा कापूस बाजारात येण्याचा काळ. सूतगिरण्यांची बाजू मला समजते, त्यांना जगाशी टक्कर द्यायची आहे. पण ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांतच लहान शेतकरी माल विकतो, त्याला थांबणं परवडत नाही. सवलत द्यायचीच असेल तर ती मार्चनंतर द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

13. सेंद्रिय कापसात मध्य प्रदेश पहिला म्हणतात. खरं आहे?

खरं आहे. देशातल्या सेंद्रिय कापसात सर्वात मोठा वाटा मध्य प्रदेशाचा, आणि त्याची सुरुवात 1990 नंतरच्या काही वर्षांत महेश्वर-कसरावदच्या परिसरातून झाली. त्याच्याही आधीचा धागा इंदूरमध्ये आहे. 1924 मध्ये इथे वनस्पती उद्योग संस्था सुरू झाली, आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात. मध्यवर्ती कापूस समितीचा पैसा होता, काम कापसाच्या संशोधनाचं होतं. संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी तिथेच पऱ्हाट्या, पालापाचोळा आणि शेण रचून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ बसवली. जगभरची सेंद्रिय शेतीवाली माणसं ती याच नावानं ओळखतात.

पण सेंद्रिय कापसाच्या आकड्यांवरून कल काढताना दोनदा विचार करा. तिथे मोजला जातो तो प्रमाणपत्र असलेला माल. एखाद्या वर्षी प्रमाणपत्रांची छाननी कडक झाली की आकडा कोसळतो, शेतात मात्र काहीच बदललेलं नसतं. 2021 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागानं भारताशी असलेला सेंद्रिय प्रमाणनाचा मान्यता-करार संपवला, तो अशाच अविश्वासातून. शिवाय खरी अडचण बियाण्याची आहे. सेंद्रियमध्ये बीटी चालत नाही, आणि चांगलं बिगर-बीटी बियाणं बाजारात शोधावं लागतं. शेजारच्या बीटी शेताचे परागकण येतात ते वेगळंच.

14. देशी कापूस परत येईल का?

थोडा येईल, यावा असं मलाही वाटतं. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला बहुतेक सगळा पेरा देशी जातींचा होता, आज नव्वद टक्क्यांहून जास्त अमेरिकन संकरितांचा आहे. देशी झाड पाणी कमी मागतं, रसशोषक किडीला दाद देत नाही. खंडव्याच्या संशोधन केंद्रानं देशी वाणांवर बरंच काम केलं आहे. अडथळा धाग्याचा आणि वेचणीचा: बोंड लहान, धागा आखूड, पिकलेला कापूस पटकन गळतो. वैद्यकीय कापूस, गाद्या, जाड सूत यांसाठी तो उत्तम. कोरडवाहू झाबुआत जिथे संकरित बियाण्याचा खर्च निघत नाही, तिथे देशीची बाजू बळकट आहे. खरगोनच्या ठिबकवाल्यानं तो लावावा असं मी सांगणार नाही.

15. माहेश्वरी साडी निमाडच्याच कापसाची असते ना?

विणली महेश्वरात जाते, सूत बहुतेक दक्षिणेकडून, कोइमतूरच्या बाजूनं येतं. माहेश्वरीला फार बारीक सूत लागतं आणि त्याला लांब धाग्याचा कापूस हवा. निमाडचा सर्वसाधारण कापूस 28 ते 30 मिलिमीटरचा, तो शर्ट-चादरीच्या सुताला उत्तम. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली विणकरी आणि शेजारच्या शेतातला कापूस यांची गाठ पडत नाही, याचं वाईट वाटतं खरं. अपवाद प्रश्न 16 मध्ये.

16. रतलाम-झाबुआकडे जास्त लांब धाग्याचा कापूस होतो म्हणे?

होतो. डीसीएच-32, धारवाडहून आलेला, अमेरिकन आणि इजिप्शियन जातींचा संकर, 34 मिलिमीटरच्या आसपास धागा. बाजारात त्याचा भाव वेगळा बोलला जातो. पण पीक लांबतं, तुडतुडे फार, आणि भावाचा फरक दरवर्षी सारखा राहत नाही. त्यामुळे पेरा एका वर्षी वाढतो, पुढच्या वर्षी निम्म्यावर येतो. देशात असा कापूस पुरत नाही म्हणून आयात होते, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये 32 मिलिमीटरवरच्या कापसाचं आयात शुल्कही काढून टाकलं. हा कल सामान्य कापसाच्या कलाबरोबर मिसळू नका.

17. नर्मदेचं पाणी आलं. आता तर कापूस वाढेल?

पाणी आलं की कापूस वाढेलच असं नाही, हे माळव्यानंच शिकवलं (प्रश्न 2). इंदिरा सागर आणि ओंकारेश्वरच्या कालव्यांखाली शेतकऱ्याला गहू, मका, मिरची, केळी, पपई असे पर्याय मिळाले. हेक्टरी उत्पादन वाढतं, पेरा मात्र घटू शकतो. आणि सरदार सरोवराच्या फुगवट्यात बडवानी-धारची नदीकाठची उत्तम जमीन गेली, तीही हिशेबात धरली पाहिजे.

18. भैंसोळ्याच्या पीएम मित्र पार्कमुळे काय फरक पडेल?

धार जिल्ह्यात बदनावरजवळ सुमारे 2,100 एकरांवर हे वस्त्रोद्योग संकुल होत आहे, 17 सप्टेंबर 2025 ला पायाभरणी झाली. त्यानं कापसाची मागणी जवळ येईल, रुईचं वाहतूक भाडं वाचेल. पुरवठा आपोआप वाढणार नाही. वेचणीचं आणि अळीचं उत्तर मिळालं नाही तर संकुलातल्या गिरण्याही इंदूरच्या जुन्या गिरण्यांप्रमाणे लांबून कापूस आणतील.

19. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत. कोणाचं खरं?

बहुतेक वेळा दोघांचंही. आपली गाठ 170 किलोची, अमेरिकन कृषी विभाग 480 पौंडांची म्हणजे जवळपास 218 किलोची धरतो. आपलं कापूस वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर, त्यांचं ऑगस्ट ते जुलै. स्वातंत्र्याआधीच्या आणि नंतरच्या काही वर्षांच्या नोंदी 392 किंवा 400 पौंडी गाठींत आहेत. आधी सगळं किलोत आणा, मग तुलना करा. सरकारी समिती आणि कापूस व्यापाऱ्यांची संघटना यांचे अंदाजही वेगळे असतात, कारण एक पेऱ्यावरून येतो, दुसरा जिनात दाबून बांधलेल्या गाठींवरून. एका आलेखात एकच स्रोत ठेवा.

20. 1955 चे मध्य प्रदेशचे आकडे आजच्या आकड्यांच्या मागे जोडले तर चालेल का?

अजिबात नाही, आणि प्रबंधांत ही चूक वारंवार दिसते. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वीच्या ‘मध्य प्रदेश’ची राजधानी नागपूर होती आणि त्यात सगळा विदर्भ होता. त्या आकड्यात यवतमाळ-अकोल्याचा कापूस आहे. तो 1957 मध्ये नाहीसा झालेला दिसतो तो दुष्काळानं नव्हे, राज्य पुनर्रचनेनं. उलट इंदूर आणि खरगोन तेव्हा मध्य भारतात होते, त्यांचा कापूस त्या आकड्यात नाहीच. आणखी मागे गेलात तर खरगोन होळकरांच्या संस्थानात, बडवानी स्वतंत्र संस्थान, खंडवा-बऱ्हाणपूर इंग्रजी मुलखात.

जिल्ह्यांवरूनच मालिका बांधा. बऱ्हाणपूर 2003 मध्ये खंडव्यातून निघाला, बडवानी 1998 मध्ये खरगोनमधून, अलीराजपूर 2008 मध्ये झाबुआतून. नवे जिल्हे जुन्यांत परत मिळवून पूर्व निमाड, पश्चिम निमाड आणि झाबुआ अशी बेरीज करा, धार वेगळा ठेवा. 2000 मध्ये छत्तीसगड वेगळा झाल्यानं फारसं बिघडत नाही, तिकडे कापूस नावालाच होता.